नळदुर्ग ते असई : दोन्ही बाजूंच्या मृतांच्या शोधात

१७ सप्टेंबर, नळदुर्ग

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजारोहण आटोपून आम्ही लातूरहून निघालो आणि औसा, तुळजापूर या मार्गाने दुपारच्या आत नळदुर्गला पोहोचलो. सोबतीला माझे दाजी होते. तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी नोकरीच्या निमित्ताने खडकीची आणि कोहिमाची अशा दोन युद्धस्मशानभूमी पाहिलेल्या आहेत. खडकीला दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ सैनिकांच्या कबरी आहेत, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात निरनिराळ्या ठिकाणी पुरल्या गेलेल्या अठराशेहून अधिक सैनिकांची नावे तेथेच एका स्मारकावर आहेत. कोहिमाला टेकडीच्या उतारावर १,४२० कबरी असून, दहन झालेल्या ९१७ हिंदू व शीख सैनिकांसाठी वेगळे स्मारक आहे. कर्नल असो की साधा शिपाई, दगड सारख्याच मापाचा, हा तेथला नियम दाजींना फार आवडतो. परंतु कोहिमाच्या त्याच उतारावर समोरासमोर लढून मेलेल्या जपान्यांना त्या आवारात जागा नाही, ही गोष्टही ते दर वेळी सांगतात. आपल्या मराठवाड्यात इतक्या लढाया झाल्या, त्यांतल्या मेलेल्यांचे पुढे काय झाले, हा त्यांचा प्रश्न. आणि त्याला उत्तर म्हणून हा प्रवास.

नळदुर्ग पहिला घेतला, कारण येथली लढाई आजच्या दिवसाशीच जोडलेली आहे. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सैन्य सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरले, तेव्हा पुढचा सारा मार्ग बोरी नदीवरच्या पुलावर अवलंबून होता. दुसऱ्या शीख पलटणीने तो पूल शाबूत ताब्यात घेतला. त्याच दिवशी हवालदार बचित्तरसिंग यांनी रस्त्यावर नाकेबंदी करून शत्रूची वाहने पकडली आणि नंतर एका ठाण्यावर चाल करताना मांडीला गोळी लागली असतानाही सरपटत पुढे जाऊन हातगोळ्यांनी ते ठाणे बंद पाडले. जागचे हलायला नकार देत ते तेथेच गेले. पुढे १९५२ मध्ये अशोकचक्र हा सन्मान सुरू झाला, तेव्हा तो मिळवणाऱ्या पहिल्या वीरांत त्यांचे नाव होते. लुधियाना जिल्ह्यातल्या एका खेड्यातला हा माणूस बोरीच्या काठी मेला, हे नळदुर्गच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असायला हवे.

पावसाळा चांगला झाल्यामुळे नर-मादी धबधबे जोरात होते आणि पाणी महालाच्या बंधाऱ्यावर सुट्टीची गर्दी होती. आम्ही गर्दीतून वाट काढून आतल्या अरुंद जिन्याने खाली उतरलो. सज्जात उभे राहिल्यावर समोर पाण्याचा पडदा कोसळत असतो आणि बोललेले ऐकू येत नाही. दाजी माझ्या कानाशी येऊन ओरडले, “समोरच्या ठाण्यातले जे मेले, त्यांचं काय?”

समोरच्या ठाण्यातले म्हणजे निजामाच्या फौजेचे. हा प्रश्न १७ सप्टेंबरला विचारणे सोपे नाही. रझाकारांनी या भागात जे केले त्याच्या आठवणी जुन्या घरांत अजून आहेत आणि त्या खऱ्या आहेत. त्याचबरोबर कारवाईनंतरच्या दिवसांत सामान्य मुसलमान कुटुंबांवर जे ओढवले तेही खरे आहे. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत तेव्हाच्या उस्मानाबादचे नाव घेतले आणि तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. परंतु दाजींचा प्रश्न रझाकारांविषयी नव्हता, पगारी शिपायांविषयी होता. निजामाच्या याच सैन्यपरंपरेतले घोडदळ १९१८ साली पॅलेस्टाइनच्या मोहिमेत होते, आणि दिल्लीच्या तीन मूर्ती चौकात म्हैसूर व जोधपूर यांच्या भालाइतांबरोबर हैदराबादचाही एक भालाईत १९२२ पासून उभा आहे. त्या पुतळ्याला राजधानीत मानवंदना मिळते. तीसच वर्षांनी त्याच संस्थानाच्या चाकरीत नळदुर्गला मेलेल्या शिपायाविषयी कोणी बोलत नाही. मला यात विसंगती दिसते. दाजींच्या मते विसंगती काही नाही, पहिला जिंकणाऱ्याच्या बाजूने होता एवढेच.

१८ सप्टेंबर, राक्षसभुवन

धाराशिव, येरमाळा, चौसाळा, बीड असा सरळ महामार्ग आहे आणि त्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. मात्र वाटेत एका गावी चहासाठी थांबलो असता मारुतीच्या पाराला टेकून ठेवलेला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव स्मृतिदगड, दिसला आणि तासभर तेथेच गेला.

मराठवाड्यात वीरगळ गावोगाव आहेत. पुष्कळदा त्यांना शेंदूर लागलेला असतो आणि गावाच्या लेखी ते देवच झालेले असतात. हा कमरेएवढ्या उंचीचा होता. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, अशी नेहमीची मांडणी. तेलाचा थर इतका जाड होता की खालची चौकट दिसण्यासाठी तिरप्या उन्हाकडे पाठ करून बसावे लागले. मग दिसले की वीराच्या समोर दोन माणसे आहेत. एकाच्या हाती ढाल आहे, दुसरा खाली पडलेला आहे आणि पडलेल्याच्या केसांचा बुचडासुद्धा पाथरवटाने टाकीच्या चार घावांत दाखवला आहे. ज्याच्यासाठी दगड उभा केला त्याने ज्यांना मारले, किंवा ज्यांनी त्याला मारले, तेही त्याच दगडावर आहेत. त्यांचे नाव नाही, पण या वीरगळावर नाव वीराचेही नाही. ही रीत शत्रूविषयीच्या आदरापोटी आली असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. लढाई दाखवायची तर दुसरी बाजू दाखवावीच लागते, इतके साधे कारण असू शकेल. तरीही कोहिमाच्या शिस्तबद्ध उतारावर जे नाही ते या तेलकट दगडावर आहे, हे खरे.

गेवराईहून राक्षसभुवनकडे वळलो, तेव्हा जायकवाडीतून पाणी सोडल्याची बातमी आधीच कानावर होती. गोदावरी दोन्ही थड्या भरून वाहत होती. नदीकाठचे शनिमंदिर पुरात पाण्याखाली जाते, त्यामुळे गावकऱ्यांचे लक्ष पायऱ्यांवर होते आणि आमच्यासारख्या चौकश्या करणाऱ्यांकडे पाहायला कोणाला सवड नव्हती.

१० ऑगस्ट १७६३ ची लढाई या पाण्यामुळेच झाली. त्याच वर्षी निजाम अलीच्या फौजांनी पुणे जाळले होते आणि पेशव्यांनी निजामाचा मुलूख लुटला होता. निजाम गोदावरी ओलांडून पलीकडे गेला, पण त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मागच्या फौजेसह दक्षिण तीरावर राहिला असतानाच मराठे येऊन भिडले. राघोबादादा वेढ्यात सापडले, अठरा वर्षांच्या माधवरावांनी जातीने चालून जाऊन त्यांना सोडवले, विठ्ठल सुंदर रणात पडला आणि निजाम पैलतीरावरून हे पाहत राहिला. शाळेत आपण ही लढाई मराठ्यांनी निजामावर मिळवलेला विजय म्हणून शिकतो. पण येथे निजामाच्या बाजूने मेलेला सर्वांत मोठा माणूस हा मराठी बोलणारा ब्राह्मण मुत्सद्दी होता, आणि लढाईच्या थोडे आधीपर्यंत नागपूरकर जानोजी भोसले निजामाच्याच गोटात होते. याच्या तीन वर्षे आधी उदगीरला पेशव्यांच्या बाजूने निजामाची फळी फोडणारा इब्राहिमखान गारदी त्याआधी निजामाकडे चाकरीला होता आणि वर्षभरातच पानिपतानंतर भाऊसाहेबांचा माणूस म्हणून मारला गेला. अठराव्या शतकातल्या मराठवाड्यात ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ अशी स्वच्छ रेघ ओढू पाहणाऱ्याला प्रत्येक लढाईसाठी नवी रेघ ओढावी लागते.

घाटावर एका वृद्ध गुरुजींशी बोलणे झाले. पितृपक्ष चालू असल्यामुळे ते तर्पणासाठी येणाऱ्यांची वाट पाहत होते. लढाईत मेलेल्यांचे येथे काही करतात का, असे मी विचारले. ते म्हणाले, “वेगळं काही नाही. परवा चतुर्दशी आहे, शस्त्रानं मेलेल्यांची. ज्यांच्या घरात कोणी तसं गेलं असेल ते करतात. ज्यांचं कोणी नाही त्यांच्यासाठी तर्पणात ओंजळ आहेच, आपला असो की नसो.” भाद्रपद वद्य चतुर्दशी ही शस्त्राने मेलेल्यांच्या श्राद्धाची तिथी पंचांगात छापलेली असते, मी ती आजवर पाहून पुढे पान उलटत आलो होतो. दाजींनी ताबडतोब हिशोब केला की परवा आपण असईला असू.

१९ सप्टेंबर, जालना

शहागडच्या पुलावरून गोदावरी ओलांडून अंबडमार्गे जालन्याला आलो. दिवसभर पाऊस. २ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला आणि तीनच आठवड्यांनी असईची लढाई झाली, एवढाच आमच्या दृष्टीने जालन्याचा संबंध. संध्याकाळी लॉजच्या खोलीत दाजींनी नकाशा पसरला आणि तोफांच्या जागा पेन्सिलने लावल्या. सोबत आणलेल्या टिपणांतून मी त्यांना आकडे वाचून दाखवत होतो, ते दर आकड्याला “कुणी मोजलं?” असे विचारत होते. हा प्रश्न दुसऱ्या दिवशी फार उपयोगी पडला.

२० सप्टेंबर, असई

भोकरदन सोडल्यावर काळ्या जमिनीतून कपाशी, मका आणि सोयाबीन यांच्यामधून रस्ता जातो. असई हे केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेले साधे गाव आहे. ज्याला युद्धस्मशानभूमी म्हणता येईल असे आखीव आवार, ओळीने लावलेले दगड, नोंदवही ठेवलेले फाटक असले काही येथे नाही. येथे जे पाहायचे ते जमिनीवरच वाचावे लागते, आणि ते वाचायला सप्टेंबरसारखा महिना नाही, कारण २३ सप्टेंबर १८०३ रोजीही नद्यांना असेच पाणी होते.

त्या दिवशी सकाळी नळणीच्या मुक्कामी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीला कळले की दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजा अपेक्षेपेक्षा फार जवळ आहेत. स्टीव्हन्सनची तुकडी येऊन मिळण्याची वाट न पाहता त्याने चाल करायचे ठरवले. त्याच्याजवळ प्रत्यक्ष लढाईत उतरलेले कवायती सैन्य साडेचार हजारांच्या आसपास होते. समोर शिंद्यांच्या कंपूंचे, म्हणजे युरोपीय धर्तीच्या पलटणींचे, दहा हजारांहून अधिक कवायती पायदळ, शंभराच्या घरात तोफा आणि त्याशिवाय प्रचंड घोडदळ. वाटाड्यांनी सांगितले की पुढे नदी पायी ओलांडण्याजोगा उतार नाही. वेलस्लीने पाहिले की केळणेच्या दोन्ही काठांवर पिंपळगाव आणि वरूड ही गावे समोरासमोर आहेत, तेव्हा दोन गावांचे एकमेकांत जाणे-येणे असणार आणि जाणे-येणे असेल तर उतारही असणारच. उतार निघाला. आम्ही त्या बाजूच्या काठावर उभे राहिलो तेव्हा गढूळ पाणी झाडांच्या मुळांपर्यंत आले होते. एका माणसाने दोन बैलांना पाण्यात घालून सहज पलीकडे नेले, आणि दाजी हसून म्हणाले, “मेव्हणे, वाटाड्यांना इचारण्यापरीस बैलांना इचारलं असतं तर जमलं असतं.”

पलीकडून पुढे जी जमीन लागते ती तोफखान्याच्या माणसाने पाहावी. दाजी बांधावर उभे राहून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हाताने कोन दाखवत त्यांनी समजावले. शिंद्यांचा हानोव्हरी सरदार पोलमन याने इंग्रज बाजूने येत आहेत हे पाहून आपली सारी रांग फिरवली, एक टोक केळणेला आणि दुसरे असई गावाला टेकवले. दोन नद्यांमुळे शत्रूला वळसा घालता येईना. आता समोरून येणाऱ्याला या सपाटीवरूनच चालावे लागणार आणि त्याच्यावर आधी गोळे, मग जवळ आल्यावर छर्रे. “हितं लपायला ढेकूळसुद्धा न्हाई,” ते म्हणाले. “चालणाऱ्याचं धाडस मानलं पाहिजे. आणि तोफेपाशी थांबणाऱ्याचंबी.”

तोफेपाशी थांबणाऱ्यांविषयी इंग्रजांनीच लिहून ठेवले आहे. शिंद्यांचे गोलंदाज संगिनी अंगावर येईपर्यंत तोफा सोडून हलले नाहीत. इंग्रजांची रांग त्यांच्यावरून पुढे गेल्यावर, मेल्याचे सोंग घेऊन पडलेले काही उठले आणि त्याच तोफा त्यांनी इंग्रजांच्या पाठीवर वळवल्या. मग वेलस्लीला स्वतः मागे फिरून त्या पुन्हा घ्याव्या लागल्या. गावाच्या बाजूला तर इंग्रजांची चूकच झाली. आघाडीची तुकडी आदेशापेक्षा जास्त उजवीकडे सरकली, तिच्यामागे ७४ वी हायलँडर पलटण गेली आणि दोघी असईच्या भिंतीआडच्या तोफांसमोर सापडल्या. त्या पलटणीचे बहुतेक सर्व अधिकारी मेले किंवा जखमी झाले. पॅट्रिक मॅक्सवेल घोडदळ घेऊन धावला म्हणून उरलेले वाचले. तो स्वतः संध्याकाळी शेवटच्या हल्ल्यात मारला गेला. शिंदे आणि भोसले हे दोघेही लढाईच्या निकालाआधीच मैदानातून निघून गेले होते. त्यांचे गोलंदाज थांबले, हे माझ्या मते त्या दिवसाचे सर्वांत लक्षात ठेवण्यासारखे वर्तन आहे, आणि त्यांतल्या एकाचेही नाव आपल्यापाशी नाही.

आता आकडे. इंग्रजांच्या बाजूचे ४२८ ठार, १,१३८ जखमी आणि १८ बेपत्ता. म्हणजे लढणाऱ्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. हे एकेरी आकड्यापर्यंत ठाऊक आहे, कारण पलटणींचे हजेरीपट होते. मराठ्यांच्या बाजूचे? वेलस्लीने कळवले की बाराशे ठार झाले असे म्हणतात आणि जखमी मुलूखभर विखुरले आहेत. “कुणी मोजलं?” या दाजींच्या प्रश्नाचे उत्तर येथे असे आहे की शत्रूने, अंदाजाने, आणि शंभरच्या पटीत.

आणि हे मेलेले होते तरी कोण? ‘मराठ्यांच्या’ कंपूंतले शिपाई मोठ्या संख्येने उत्तर हिंदुस्थानातून भरती केलेले होते. सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणीही शिंद्यांच्या बाजूने आल्या होत्या. ‘इंग्रजांच्या’ फौजेत दोन हायलँडर पलटणी आणि एक गोरा रिसाला सोडला तर बाकी मद्रासच्या देशी पलटणी, म्हणजे तमिळ आणि तेलुगू मुलखातले शिपाई. केळणेच्या पलीकडे राखीव म्हणून म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडदळ होते. पेशव्यांच्या स्वारांबरोबर या मोहिमेत बापू गोखले इंग्रजांच्या बाजूने होते, तेच बापू गोखले जे १८१८ साली सोलापूरकडच्या अष्टीच्या लढाईत इंग्रजांशी लढताना पडले. असईच्या मातीत मेलेल्यांपैकी या मातीतले असे फार थोडे असावेत. स्कॉटलंडच्या डोंगरातला आणि अवधच्या गंगाकाठचा, असे दोन परके येथे समोरासमोर आले आणि दोघांनाही घरी कळायला महिने लागले असणार.

गावात एका शेतकरी काकांच्या ओसरीवर चहा झाला. आम्ही कशासाठी आलो हे ऐकल्यावर त्यांनी देवळीतून गंजलेला लोखंडी गोळा काढून दाखवला. त्यांच्या आजोबांच्या वेळी नांगराला लागलेला. लिंबाएवढा, एका अंगाला चपटा झालेला, आणि हाताळून हाताळून उंचवट्यांवर काळा गुळगुळीत झालेला. दाजींनी तो तळहातावर फिरवला, वजन घेतले, नखाने गंजाची एक पापुद्री काढली. छर्ऱ्याच्या डब्यातला असावा, असे त्यांचे मत पडले.

“म्हणजे आपला का इंग्रजाचा?” काकांनी विचारले.

“ते न्हाई सांगता येणार, काका. दोघंबी हाच माल भरत हुते.”

काकांना हे उत्तर फारसे पटले नाही. गोळा ‘आपला’च आहे असे त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितले होते आणि तो त्यांनी पुन्हा देवळीत ठेवला.

जुईच्या काठावर जाऊन दाजींनी बूट काढले आणि तीन ओंजळी पाणी सोडले. मंत्र त्यांना येत नव्हता आणि मलाही नाही. त्यांनी फक्त नावे घेतली, जी आम्हांला ठाऊक होती ती: सगळी पलटणींची, आकड्यांची. ७४ वी, ७८ वी, १९ वा रिसाला, मद्रासच्या पलटणी, पोलमनचा कंपू, सालूरचा, द्यूपोंचा. मॅक्सवेल सोडला तर माणसाचे नाव एकही नव्हते. मुसलमान शिपायांना आणि गोऱ्यांना तर्पण चालते का, असे मी विचारले. त्यांनी उत्तर दिले की राक्षसभुवनच्या गुरुजींनी तशी अट सांगितलेली नाही.

या लढाईचा मान मात्र पुष्कळांनी वाटून घेतला. तीन गोऱ्या पलटणींना आपल्या निशाणावर हत्ती मिरवण्याचा हक्क मिळाला. मद्रास रेजिमेंटच्या आजच्या बिल्ल्यावरही असईचा हत्ती आहे. स्वातंत्र्यानंतर, भारतीयांविरुद्ध मिळवलेले युद्धसन्मान साजरे करायचे नाहीत, असे भारतीय लष्कराने ठरवले, तरी हत्ती बिल्ल्यावर राहिला. दाजींना हे ठाऊक होते; मद्रासी जवानांबरोबर त्यांनी नोकरी केलेली आहे आणि त्या बिल्ल्याबद्दल त्यांच्या मनात किंतु नाही. तो हत्ती मेलेल्या शिपायांचा आहे, कंपनी सरकारचा नाही, असे ते म्हणतात. मला एवढे सहज म्हणता येत नाही, पण शिंद्यांच्या गोलंदाजांना बिल्ल्यावर तरी कोणी ठेवायला हवे होते, असे वाटते.

२१ सप्टेंबर, अजिंठा

सर्वपित्री अमावास्या. सिल्लोडवरून अजिंठा गावात आलो. लढाईच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्टीव्हन्सन असईला पोहोचला आणि त्याच्याबरोबरच्या शल्यवैद्यांची मदत मिळाली. पुढे जखमींना अजिंठ्याला हलवून तेथे इस्पितळ मांडले गेले. हजाराच्या वर जखमी, त्यांना वाहणारे डोलीचे भोई, आणि चिखलाची वाट. गावाची जुनी वेस आणि तटबंदी पाहताना त्या मिरवणुकीची कल्पना करून मन विषण्ण होते. आणखी एक गोष्ट सुचली. या गावापासून थोड्याच अंतरावर वाघूरच्या घळीत ती लेणी होती आणि इस्पितळातल्या एकाही इंग्रजाला त्यांचा पत्ता नव्हता; जॉन स्मिथ नावाच्या अधिकाऱ्याला ती दिसायला १८१९ साल उजाडले. लेण्यांकडे जाणाऱ्या गाड्यांच्या रांगा आजही या गावातून न थांबता पुढे जातात.

वेलस्लीने नंतर लिहिले की असईसारखी हानी, तिच्याबरोबर तसाच लाभ होणार असला तरी, आपल्याला पुन्हा पाहायची नाही. पुढे वॉटर्लू जिंकल्यावरही, आपली सर्वोत्तम लढाई कोणती या प्रश्नाला त्याने असईचेच नाव सांगितल्याची आख्यायिका आहे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत आणि मला त्यांत विरोध वाटत नाही.

दुपारी सिल्लोडला जेवताना दाजींनी मूळ मुद्दा काढला. असईला एक दगड असावा. खडकीसारखा एकसारख्या मापाचा, आणि त्याच्यावर वीरगळासारख्या दोन्ही बाजू. इंफाळजवळ, जेथे जपानी आणि ब्रिटिश-हिंदी सैन्य लढले, तेथे रेड हिलच्या पायथ्याशी १९९४ मध्ये भारत-जपान शांतिस्मारक उभे राहिले. बेल्जियममध्ये मॉन्सजवळच्या साँ सिंफोरियाँ येथे तर जर्मनांनी १९१४ सालीच आपल्या आणि ब्रिटिशांच्या मृतांना एकाच आवारात पुरले. मग असईला दोनशे वर्षांनी का नको? मी हरकत अशी घेतली की दगडावर लिहिणार काय. एका बाजूची नावे हजेरीपटातून निघतील, दुसऱ्या बाजूला कोरी जागा राहील. दाजी म्हणाले, कोरी ठेवा, पण जागा सारखी ठेवा.

मग कागद घेऊन मजकूर लिहायला बसलो. डावीकडे मद्रासच्या पलटणी आणि गोऱ्या पलटणी, उजवीकडे कंपू आणि गोलंदाज. येथवर ठीक चालले. पुढे दाजींनी डोलीचे भोई लिहायला सांगितले, ते मी डावीकडे लिहिले. शिंद्यांकडेही भोई असणारच म्हणून उजवीकडेही लिहिले. मग आले वणजारी तांडे, जे बैलांवरून धान्य वाहून वेलस्लीच्या फौजेला पोसत होते आणि पिढ्यान्‌पिढ्या दख्खनमधल्या प्रत्येक फौजेला पोसत आले होते. त्यांना कोणत्या बाजूला लिहायचे यावर आमचे एकमत होईना, आणि जेवणाची ताटे उचलायला आलेल्या मुलानेही त्यात आपले मत घातले. शेवटी कागदाच्या मधोमध, दोन्ही रकान्यांना जोडून, ‘तांडे’ असे लिहिले.

काकांचा फोन नंबर घेतला होता. २ ऑक्टोबरला गावात ग्रामसभा आहे आणि अर्ज त्याआधी ग्रामपंचायतीत पोहोचला तर विषय घेता येईल, असे त्यांनी सांगितले. दगड शक्यतो काळा बेसाल्ट असावा आणि इंग्रजी, मराठी, तमिळ, तेलुगू, हिंदी व उर्दू अशा भाषांत मजकूर असावा, एवढे अर्जात घातले आहे. खर्चाचा आकडा दाजी लातूरच्या एका पाथरवटाला विचारून भरणार आहेत.